विष घरात, उतारा दवाखान्यात

आपल्या मराठीत एक गंमत आहे, आणि ती कधी कधी जिवावर बेतते. डॉक्टर लिहून देतात ते औषध, आणि कपाशीवर फवारतात तेही औषधच! झुरळांचं औषध, ढेकणांचं औषध, उंदरांचं औषध. 'तिनं औषध घेतलं' हे वाक्य एका घरात सहज बोललं जातं, दुसऱ्या घरात तेच ऐकून रडारड सुरू होते. शब्द एक झाला की वस्तूही शेजारी शेजारी नांदू लागतात. मोरीजवळच्या फळीवर फिनेलची बाटली, तिला लागून झाडांवर फवारायचं काहीतरी आणि त्याच्या पलीकडे खोबरेल तेल, अशी मांडणी तुमच्या पाहण्यातल्या किती घरांत आहे, जरा मोजून बघा.

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरातल्या बायका, आमचा शेतीच्या विषांशी काय संबंध? संबंध असतो, मैत्रिणींनो. गॅलरीतल्या गुलाबावर मावा पडतो. गावाकडून येताना भाऊ किंवा दीर तेवढ्यापुरतं 'औषध' काढून आणतो. ते ज्या बाटलीत येतं ती असते खोकल्याच्या औषधाची, नाहीतर सरबताची. नाव-गाव लिहिलेला मूळ डबा राहतो गोठ्यात आणि बिननावाचं विष येतं तुमच्या फडताळात.

या विषांवर उतारा आहे का? आहे. उतारा म्हटल्यावर कोणाला तिठ्यावर टाकलेलं लिंबू-नारळ आठवेल, पण मी बोलते आहे ती सुईवाटे द्यायच्या औषधांबद्दल. त्यांतलं मुख्य औषध जुनं आहे, स्वस्त आहे आणि त्यानं मरणाच्या दारातून माणसं परत आली आहेत. मात्र ते तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात नसतं, आणि तिथं जे असतं त्यानं बहुधा नुकसानच होतं.

तेलाचा डबा

बिहारमध्ये सारण जिल्ह्यात गंडामन नावाचं खेडं आहे. १६ जुलै २०१३ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढलं गेलं. भात होता आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना फोडणीच्या वेळीच तेल काही निराळं वाटलं होतं. मुलांनीही चव बरी नसल्याची कुरकुर केली. थोड्याच वेळात मुलं पोट धरून कळवळू लागली, ओकू लागली. तेवीस मुलं गेली. स्वयंपाकीणबाईंनीही तेच अन्न खाल्लं होतं, त्याही आजारी पडल्या. पुढं तपासणीत त्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हे शेतात वापरायचं जहाल कीटकनाशक. ज्या डब्यात पूर्वी ते होतं, त्याच डब्यात तेल भरलं गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. २०१६ मध्ये न्यायालयानं शाळेच्या मुख्याध्यापिकेला दोषी ठरवलं.

डबा चांगला दणकट दिसला की टाकवत नाही, ही आपणा बायकांची जुनी खोड. धुतला, उन्हात वाळवला, झालं! पण ही विषं तेलात विरघळणारी आणि प्लॅस्टिकमध्ये मुरणारी. साध्या धुण्यानं ती हटत नाहीत.

बरं, ही काही पहिली वेळ नव्हती. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक आणि गव्हाचं पीठ एकाच जहाजातून आलं. वाटेत विष सांडून पिठात मिसळलं आणि ते खाऊन शंभराच्या वर माणसं दगावली. आपल्याकडचा १९६८ चा कीटकनाशक कायदा आला त्यामागं ही घटना होती. त्या कायद्याच्या नियमांमुळंच आज कीटकनाशकाच्या डब्यावर, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात रंग दिसतो. खालचा अर्धा भाग लाल असेल तर अतिजहाल, पिवळा असेल तर जहाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. डब्यासोबतच्या कागदावर विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापणंही बंधनकारक आहे. खोकल्याच्या बाटलीत ओतलेल्या विषाला ना रंग, ना कागद.

घंटीवर अडकलेलं बोट

मोनोक्रोटोफॉस, पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस ही सगळी एका कुळातली. शास्त्रज्ञ त्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात. ती शरीरात करतात तरी काय?

दाराच्या घंटीचं उदाहरण घेऊ. कोणी बटण दाबलं की घंटी वाजते, बोट उचललं की थांबते. आपल्या नसा स्नायूंना, ग्रंथींना असाच निरोप देतात. त्यासाठी ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य पाझरतं. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं दुसरं द्रव्य येऊन ते पुसून टाकतं, म्हणजे बोट उचलतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच जखडून ठेवतं. मग घंटी वाजतच राहते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, उलट्या, जुलाब, नकळत लघवी, छातीत घरघर. अंगावरचे स्नायू त्वचेखाली फडफडताना दिसतात. आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात. उलट्या-जुलाब पाहून 'काहीतरी बाधलं' म्हणून लिंबू-सरबत पाजत बसण्याआधी डोळ्यांत डोकावून बघा. शेवटी फुफ्फुसं पाण्यानं भरतात, श्वासाचे स्नायू थकतात आणि माणूस गुदमरतो.

हे विष पोटातूनच जावं लागतं असंही नाही. त्वचेतून जातं, श्वासातून जातं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यांतल्या कोणी ते प्यायलं नव्हतं. आणि उवा मारायला मुलीच्या डोक्याला 'शेतातलं थोडंसं औषध' चोळणाऱ्या आया अजूनही आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. डोक्याची त्वचा ते विष झपाट्यानं ओढून घेते. असं केल्यानं मुली दगावल्या आहेत.

देखण्या बाईचं झाड

आता उताऱ्याकडे येते. युरोपात बेलाडोना नावाचं विषारी झुडूप आहे. इटालियन भाषेत 'बेल्ला डोन्ना' म्हणजे देखणी बाई. तिथल्या बायका पूर्वी त्याचा रस डोळ्यांत घालत, कारण त्यानं बाहुल्या मोठ्या होऊन डोळे टपोरे दिसत. (नटण्यासाठी बायका काय काय सोसत आल्या आहेत!) त्या झाडातलं द्रव्य म्हणजे ॲट्रोपिन. डोळ्यांचे डॉक्टर अजूनही तपासणीसाठी त्याचे थेंब घालतात.

विषानं बाहुली बारीक होते, ॲट्रोपिननं मोठी. विषानं लाळ गळते, ॲट्रोपिननं तोंड कोरडं पडतं. म्हणजे हे औषध नेमकं विषाच्या उलट चालतं. घंटी वाजत राहते, पण घरातल्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातल्यासारखं होतं. छातीतलं पाणी आटतं, हृदयाची गती सावरते. आपल्याकडच्या धोत्र्यातही याच जातीची द्रव्यं असतात हे खरं, पण म्हणून कोणी धोत्र्याचा काढा करू नका! किती प्रमाणात काय पोटात गेलं हे कळत नाही आणि एका विषावर दुसरं चढतं.

ॲट्रोपिन कानांत बोळे घालतं, अडकलेलं बोट मात्र काढत नाही. ते काम प्रॅलिडॉक्झिमचं. डॉक्टरमंडळी त्याला 'पाम' म्हणतात. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते तयार झालं. ते विषाला ओढून त्या पुसणाऱ्या द्रव्यापासून सोडवतं. पण डिंक ओला असेपर्यंतच कागद सुटतो ना? तसंच हे. वेळ गेला की विष असं घट्ट बसतं की पाम लावूनही निघत नाही. किती पाम द्यावं, कसं द्यावं, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. आपल्या बारामतीतल्या डॉक्टरांनी दोनशे रुग्णांवर अभ्यास करून दाखवलं की मोठ्या मात्रेत सलग दिलं तर जास्त जीव वाचतात. हा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या अभ्यासात मात्र पामचा फायदा दिसला नाही. ॲट्रोपिनबद्दल असा वाद नाही.

ही औषधं लढाईच्या सामानातही असतात, याचं नवल वाटेल. त्याचं कारण असं की युद्धातले नसांवरचे विषारी वायू आणि शेतातली ही विषं सख्खी चुलत भावंडं आहेत. जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ पिकावरची कीड मारायला नवं द्रव्य शोधत होता. १९३६ मध्ये त्याच्या हाती टाबुन लागलं, दोन वर्षांनी सारिन. दोन्ही किड्यांपेक्षा माणसांनाच जास्त घातक! लष्करानं ती ताब्यात घेतली. पुढं पॅराथिऑन काढलं तेही त्याच श्राडरनं.

२० मार्च १९९५ रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सारिन सोडलं. हजारो माणसं दवाखान्यांत धावली. सेंट ल्यूक या एकाच रुग्णालयात त्या दिवशी सहाशे चाळीस रुग्ण आले. डॉक्टरांना कळेना की झालंय काय. तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरनं दूरचित्रवाणीवर लक्षणं पाहून फोन केला की हे सारिनसारखं दिसतं. त्याच्या मात्सुमोतो शहरात आदल्या वर्षी असाच प्रकार होऊन गेला होता. ॲट्रोपिन आणि पाम सुरू झालं. पण पाम लागायचं ते बहुतेक शेतीच्या भागात, टोकियोत त्याचा साठा अपुरा. तो नागोयाकडून बुलेट ट्रेननं आणावा लागला. आणखी एक गोष्ट घडली. रुग्णांचे कपडे न काढताच त्यांना आत घेतलं होतं. त्या कपड्यांतून उडणाऱ्या वायूनं कित्येक नर्स आणि डॉक्टरांना स्वतःलाच त्रास सुरू झाला.

रुग्णवाहिका येईपर्यंत

म्हणूनच घरात असा प्रसंग आला तर पहिलं काम कपड्यांचं. अंगावर विष सांडलं असेल, ओकारीत माखलं असेल, तर कपडे उतरवा. लाज बाळगू नका, कात्रीनं कापावे लागले तरी कापा. स्वतःच्या हातांत रबरी मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. भरपूर पाणी आणि साबण लावून अंग धुवा. केस, कानामागं, नखांखाली, बेंबीत, सगळीकडे. चामड्याचा पट्टा आणि चपला धुऊन उपयोग नाही, त्या फेकून द्या. विष कुठल्याही वाटेनं गेलेलं असो, खिडक्या उघडा. माणूस झोपेत किंवा अर्धवट शुद्धीत असेल तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे ओकारी झालीच तर श्वासात जाणार नाही.

हे करताना दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. धुण्यापायी गाडी खोळंबून ठेवू नका.

आणि आता नको त्या गोष्टी. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून ओकवू नका. शेतातली बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रवात कालवलेली असतात. ओकताना ते फुफ्फुसात शिरलं तर नवंच संकट. शिवाय अशा रुग्णाची शुद्ध केव्हा हरपेल सांगता येत नाही. दूध, तूप, कच्चं अंडं, ताक, कोथिंबिरीचा रस, यांतल्या कशानंही हे विष उतरत नाही. तूप-तेलानं तर ते आणखी लवकर भिनण्याची भीती. सासूबाई, आजेसासूबाई आग्रह करतील. त्या वेळी नमतं घेऊ नका.

बाटली, डबा, पुडी, जे सापडेल ते पिशवीत घालून बरोबर न्या. मोबाईलवर लेबलाचा फोटो काढा. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा विनाशुल्क क्रमांक १८००-११६-११७. जवळचा लहान दवाखाना असेल तर तिथं ॲट्रोपिन सुरू करून घ्या, आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडं चला.

खाटेजवळ बसताना

दवाखान्यात ॲट्रोपिनच्या छोट्या कुप्या एकामागून एक फोडल्या जाताना पाहून घाबरू नका. एरवी शस्त्रक्रियेआधी एक कुपी पुरते, इथं पहिल्या तासातच डझनावारी लागू शकतात. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात, ते छाती कोरडी होऊन नाडी सावरेपर्यंत. मग रुग्णाचा चेहरा लालबुंद होतो, तोंड सुकतं, तो बरळू लागतो, हवेत काहीतरी पकडू बघतो. 'याला वेड लागलं' म्हणून बायका हंबरडा फोडतात. तो बहुधा औषधाचा परिणाम असतो. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा कमी-जास्त करतील. आपल्या मनानं पाणी मात्र पाजू नका.

यापेक्षा महत्त्वाचं पुढं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण बोलू लागतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, चला, देव पावला, घरी नेऊ या. खर्चाचीही धास्ती असते. पण नेमक्या याच काळात, म्हणजे एक ते चार दिवसांच्या दरम्यान, काही रुग्णांचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे प्रथम नीट मांडलं. यावर ॲट्रोपिन चालत नाही, यंत्रानं श्वास द्यावा लागतो आणि मग माणूस हळूहळू सावरतो. याची खूण तुम्हांलाही ओळखता येईल: रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता आलं नाही तर ताबडतोब नर्सला हाक मारा.

खरं काय ते सांगा

ज्यावर बोलायला सगळ्यांना अवघड जातं ते आता. अपघातापेक्षा रागाच्या, दुःखाच्या भरात हे विष घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत आपल्यासारख्या घरातल्या सुना-मुलीही असतात. अशा वेळी घरचे डॉक्टरांना सांगतात, 'काहीतरी खाण्यात आलं असेल.' पोलिसांची भीती, नातेवाइकांत बोभाटा होण्याची भीती. त्या एका खोट्यानं मोलाचा अर्धा तास जातो. पोलीस केस आहे म्हणून कोणताही डॉक्टर तातडीचे उपचार नाकारू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच बजावलं आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असं पाऊल उचलणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते. तिला लागतो तो आधार. तिच्याशी किंवा तिच्याबद्दल बोलायला सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन केव्हाही करता येतो.

श्रीलंकेनं १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद करत आणली आणि दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. हाताशी जहाल विष नव्हतं, आणि तो वाईट क्षण निघून गेला. कुलूपबंद कपाटाचं महत्त्व एवढं आहे.

ज्यांवर उतारा नाही

सगळ्याच विषांना उतारा असतो असं समजू नका. धान्याच्या कोठीत ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या ओल लागली की फॉस्फिन वायू सोडतात. त्यावर उतारा नाही. पोटात गेल्या तर डॉक्टरही हतबल होतात, आणि झोपायच्या खोलीत ठेवल्या तर नुसत्या वायूनं माणसं मरतात. या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. गव्हात कडुलिंबाचा वाळवलेला पाला घाला, डाळींना एरंडेल चोळा, आपल्या आज्यांचं बरोबर होतं. ढेकणांसाठी माणूस बोलावलात तर तो नेमकं काय वापरणार आहे ते आधी विचारा, आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. तणनाशकांतल्या पॅराक्वाटवरही उतारा नाही. उंदरांच्या काही वड्यांवर व्हिटॅमिन 'के' चालतं, पण झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीवर काही नाही. म्हणून वेष्टन जपून ठेवायचं.

माहेरी-सासरी शेती असेल तर तिथल्या बायकांनाही दोन गोष्टी सांगा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, ते वेगळे, हातमोजे घालून धुवायचे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे भंगारवाल्याकडून तो कोणाच्या तेलाला जायचा नाही.

आणि तुमच्या फडताळातली ती बिननावाची बाटली? आजच भावाला फोन करून तिच्यातल्या औषधाचं नाव विचारा, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून चिकटवा, मुलांच्या हाताबाहेर कुलपात ठेवा, आणि तो पुढच्या खेपेला आला की त्याच्याच हाती परत द्या. गुलाबावरच्या माव्याला साबणाच्या पाण्याची फवारणी पुरते.